ओझं उतरवताना दंडात काय घडतं

दंडाचा सगळ्यात जास्त जोर ओझं उचलताना लागत नसतो, तो ओझं सावकाश खाली ठेवताना निघतो. जी गोणी एकट्याने छातीपर्यंत घेणं जमत नाही, तीच दोघांनी मिळून हातात दिली तर काही वेळ धरून ठेवता येते. आणि जी धरून ठेवणंही आवाक्याबाहेरचं, तीसुद्धा आवरत आवरत जमिनीला टेकवता येते. शिरूरच्या बाजारात कांद्याच्या गोण्या हाताळणाऱ्या हमालाला हे वेगळं सांगावं लागत नाही. शास्त्राला याचा छडा लावायला मात्र विसावं शतक निम्मं सरावं लागलं, आणि काही धागे अजून मोकळेच आहेत. त्यातली खरी नवलाची गोष्ट अशी : तेच वजन खाली आणताना स्नायूत उठणारी वीज वर नेतानाच्या विजेपेक्षा कमी असते. जोर जास्त पेलतो, वीज कमी लागते. हे कसं, ते समजून घ्यायला शिरूर आणि दौंड हे तालुके फार चांगले, कारण इथलं पुष्कळसं काम आजही हातानेच होतं.

खडकवासल्याचा कालवा दौंडमधून पुढे इंदापूरकडे जातो, चासकमानचं आणि घोड धरणाचं पाणी शिरूरला मिळतं, खालून भीमा वाहते. पाणी आलं तसा ऊस आला, आणि उसामागून साखर कारखाने आणि गुऱ्हाळं आली. दिवाळीच्या आगेमागे बीड आणि अहिल्यानगरकडून तोडणीच्या टोळ्या येतात, उसाच्या फडालगत कोप्या पडतात. या धंद्यात नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. मुकादमाने आगाऊ दिलेले पैसे, म्हणजे ‘उचल’, कोयत्यावर मोजले जातात आणि मजुरी टनावर.

आता या कोयत्याचा एकच घाव जवळून पाहू. माणूस कमरेत वाकलेला असतो. डाव्या मुठीत ऊस धरलेला, उजव्या मुठीत कोयता. कोयता वर उचलताना कोपर मिटतं आणि दंडाच्या पुढचा स्नायू, ज्याची बेटकुळी काढून पोरं एकमेकांना दाखवतात, तो आखडतो. मग घाव सुटतो. आता दंडामागचा स्नायू आखडून कोपर उघडतो आणि कोयत्याचं वजन त्याला मदत करतं. पण हात नुसता सोडून दिला तर कोयता उसातून पार होऊन नडगीवर यायचा आणि कोपराला हिसका बसायचा. म्हणून शेवटच्या टप्प्यात पुढचा स्नायू पुन्हा ताणून धरतो. तो जोर लावत असतो आणि त्याच वेळी लांबत असतो. या सगळ्या वेळात मूठ ढिली पडत नाही. बोटं मिटवणारे स्नायू आणि मनगट मागे रोखून धरणारे स्नायू दोन्ही बाजूंनी ताणलेले राहतात, पण लांबी कुणाचीच फारशी बदलत नाही. जमिनीलगत बुडख्यावर घाव बसतो, ऊस आडवा होतो, वाढं छाटलं जातं, पाचट निघतं, आणि हात पुढच्या उसाला लागतो.

या एका घावात स्नायूच्या तिन्ही तऱ्हा येऊन गेल्या. जोर लावत आखडणं, याला शास्त्रात कॉन्सेंट्रिक म्हणतात. जोर लावून जागच्या जागी राहणं म्हणजे आयसोमेट्रिक. जोर लावत असतानाच ओझ्याने लांबवलं जाणं म्हणजे एक्सेंट्रिक. तिन्हींना शास्त्र ‘आकुंचन’च म्हणतं. तिसऱ्यात स्नायू लांबतो हे खरं, पण आतून त्याची ओढ आखडण्याकडेच असते. मी पुढे उचलणं, धरणं आणि उतरवणं एवढे तीनच शब्द वापरतो.

हा फरक घरी ताडून पाहता येतो. पाच लिटर पाण्याने भरलेला कॅन घ्या. कोपर अंगाला चिकटवून, तळवा वर ठेवून तो हळूहळू वर घ्या, हात काटकोनात आला की थांबा, मग तेवढ्याच संथपणे खाली न्या. दुसऱ्या हाताची बोटं बेटकुळीवर ठेवा. तिन्ही वेळा वजन तेच, पाच किलो. पण दंडाला ते पाच किलोचं वाटत नाही. पुढच्या स्नायूचा कंडरा कोपरापासून सुमारे पाच सेंटीमीटरवर हाडाला जोडलेला असतो आणि कॅन असतो पस्तीस सेंटीमीटरवर. तरफेच्या हिशेबाने पाच किलोसाठी दंडातल्या स्नायूंना मिळून पस्तीस किलोच्या आसपास ओढ लावावी लागते, वर हाताचं स्वतःचं वजन वेगळं. निसर्गाने जोराचा तोटा पत्करून हाताला वेग आणि पल्ला दिला आहे. स्नायू दोन-चार सेंटीमीटर आखडतो आणि पंजा हातभर फिरतो. कोयत्याचा घाव लागतो तो यामुळेच.

आता विजेकडे. मेंदूतून निघालेला हुकूम पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत उतरतो आणि तिथल्या चेतापेशीपाशी पोचतो. तिथून निघालेला लांबलचक तंतू थेट दंडापर्यंत येतो आणि तिथे त्याला फाटे फुटून प्रत्येक फाटा एकेका स्नायुतंतूला भिडतो. एक चेतापेशी आणि तिच्या ताब्यातले शेकडो स्नायुतंतू मिळून एक मोटर युनिट होतं. स्वस्थ पडलेल्या स्नायुतंतूच्या आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे नव्वद मिलिव्होल्टने ऋण असते. चेतातंतूच्या टोकाला ॲसिटिलकोलिन हे रसायन सुटलं की ही स्थिती क्षणभर उलटते आणि विजेची लाट तंतूच्या दोन्ही टोकांकडे धावत जाते. तिच्यामागून आत कॅल्शियम सुटतं आणि मग ओढ सुरू होते. वीज आधी आणि जोर नंतर, मधलं अंतर सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी.

जोर वाढवण्याचे मार्ग दोनच : जास्त युनिटं कामाला लावणं किंवा लागलेल्या युनिटांना जास्त वेळा हुकूम देणं. सुरुवातीला एक युनिट सेकंदाला आठ-दहा वेळा पेटतं, नेट लावला की तीस-चाळीसपर्यंत जातं. कुठलं युनिट आधी लागायचं याचाही क्रम ठरलेला. लहान, न थकणारी आधी आणि मोठी, दांडगी पण लवकर दमणारी नंतर. एलवुड हेनेमन यांनी १९६५ साली हा नियम पक्का केला. चहाचा कप उचलताना आपली मोठी युनिटं झोपलेली असतात.

स्नायूत वीज असते हा सुगावा लुइजी गॅल्व्हानी यांना बेडकाच्या पायांवरून लागला. त्यांचं लेखन १७९१ मध्ये प्रसिद्ध झालं. माणसाच्या हातातली वीज प्रथम टिपली ती बर्लिनच्या एमिल द्यु ब्वा-रेमाँ यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. कातडी विजेला अडवते म्हणून त्यांनी स्वतःच्या हातावर फोड आणवून तिथली कातडी काढली आणि उघड्या जागी जोडणी केली. ही चिकाटी वाचली की आजही अंगावर काटा येतो. १९२९ मध्ये एडगर एड्रियन आणि डेटलेव्ह ब्रॉंक यांनी सुईसारखा इलेक्ट्रोड स्नायूत खुपसून एकेका युनिटचा आवाज ध्वनिवर्धकावर ऐकला. पुण्यातल्या मोठ्या दवाखान्यात मेंदूविकाराचे डॉक्टर सुई लावून जी ‘ईएमजी’ तपासणी करतात, तिचं मूळ हे.

आता जोर आणि वीज यांच्या अभ्यासासाठी बहुतेक वेळा सुई लागत नाही. दंडावरचे केस काढतात, स्पिरिटने कातडी पुसतात आणि स्नायूच्या उभ्या धाग्याच्या दिशेने दोन चकत्या सुमारे दोन सेंटीमीटर अंतरावर चिकटवतात. तिसरी चकती कोपराच्या हाडावर, जिथे स्नायू नाही. पडद्यावर उमटते ती एका युनिटची नव्हे, एकाच वेळी पेटणाऱ्या अनेक युनिटांची गोळाबेरीज. ती फार बारीक असते, काही मायक्रोव्होल्टपासून फार तर काही मिलिव्होल्टपर्यंत. हातबॅटरीतला सेल दीड व्होल्टचा, म्हणजे पंधराशे मिलिव्होल्टचा असतो, त्यावरून अंदाज यावा. घाम, चरबीचा थर, शेजारच्या स्नायूची सरमिसळ, या सगळ्यांनी आकडा बदलतो. म्हणून दोन माणसांचे आकडे तसेच शेजारी ठेवून अमक्याचा स्नायू जोरदार असं म्हणता येत नाही. त्याच माणसाच्या पूर्ण जोराशीच तुलना करावी लागते.

तुमच्या दंडावर अशा चकत्या लावून तोच कॅन उचलला, धरला आणि उतरवला, तर पडद्यावरची रेघ उचलताना सगळ्यात दाट दिसेल, धरताना तिच्याहून विरळ आणि उतरवताना सगळ्यात विरळ. वजन तेच असूनही. उतरवताना कमी युनिटं लागली, याचा अर्थ लागलेल्या प्रत्येक युनिटाने जास्त भार पेलला.

याचा सगळ्यात देखणा पुरावा हाताचा नव्हे, पायांचा आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बर्नार्ड ॲबट, ब्रेंडा बिगलँड आणि मर्डॉक रिची यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एका साखळीने जोडल्या. एक जण नेहमीसारखं पेडल मारायचा. दुसऱ्याचे पेडल त्यामुळे उलटे फिरायचे आणि त्याने ते नुसते अडवायचे. साखळी एकच, म्हणून दोघांच्या पायांवरचा जोर सारखाच. पण पेडल मारणाऱ्याला ऑक्सिजन कितीतरी जास्त लागला, अडवणाऱ्याला फार थोडा, आणि वेग वाढवला तशी तफावतही वाढत गेली. १९५२ साली हे लंडनच्या रॉयल सोसायटीत करून दाखवलं, तेव्हा अडवायला एक तरुणी होती आणि पेडल मारायला एक तरुण. थोड्याच वेळात तरुण घामाघूम होऊन थकला आणि तरुणीला विशेष काही झालं नाही. ज्यांनी १९३८ मध्ये बेडकाच्या स्नायूवर जोर आणि वेग यांचं गणित मांडलं होतं, त्या नोबेलविजेत्या आर्किबाल्ड हिल यांनी ही हकीकत मोठ्या आनंदाने नोंदवून ठेवली आहे.

दोन वर्षांनी बिगलँड आणि ऑलोफ लिपोल्ड यांनी पोटरीवर विजेचं मोजमाप केलं. वेग कायम ठेवला तर जोर आणि वीज प्रमाणात वाढतात, पण स्नायू लांबत असताना तेवढ्याच जोराला वीज कमी लागते, हे त्यांनी दाखवलं. फिनलंडच्या पावो कोमी यांनी १९७० च्या दशकात कोपर वाकवणाऱ्या स्नायूंवर, म्हणजे आपल्या बेटकुळीवरच, प्रयोग केले. माणसाने पूर्ण नेट लावायचा आणि यंत्राने हात ठरलेल्या वेगाने हलवायचा. उचलताना वेग वाढवला तसा जोर उतरत गेला. उतरवताना जोर जागच्या धरण्यापेक्षाही वर गेला, आणि त्यासाठी वीज काही वाढली नव्हती.

कारण स्नायूच्या आत आहे. तंतूत दोन प्रकारचे धागे एकमेकांत सरकतात. जाड धाग्यांची टोकं पातळ धाग्यांना पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुन्हा पकडतात. १९५४ साली दोन वेगवेगळ्या गटांनी, एका गटात अँड्र्यू हक्सली आणि दुसऱ्यात ह्यू हक्सली, ‘नेचर’च्या एकाच अंकात ही कल्पना मांडली. भराभर आखडताना पुष्कळशी टोकं सुटलेल्या अवस्थेत असतात, म्हणून जोर कमी. ओझं स्नायूला लांबवत असतं तेव्हा पकडलेली टोकं ताणली जातात, प्रत्येक टोक जास्त भार घेतं, आणि शेवटी ते ओढाताणीनेच सुटतं. एरवी सुटायला जे एटीपी नावाचं इंधन खर्ची पडतं, ते इथे वाचतं. शिवाय टायटिन नावाचं एक महाकाय प्रथिन स्नायूत स्प्रिंगसारखं बसलेलं असतं, आणि स्नायू चेतलेला असताना ते अधिक ताठ होतं असं आता मानलं जातं. पेडल अडवणाऱ्याला ऑक्सिजन कमी का लागला, याचा उलगडा यातून बराच होतो.

प्राण्याच्या शरीराबाहेर काढलेला स्नायू झपाट्याने ताणला तर तो जागच्या जोराच्या दीडपटीहूनही जास्त जोर देतो. जिवंत माणूस मात्र स्वतःच्या इच्छेने तेवढा देत नाही, थोडाफारच वर जातो. मज्जासंस्था स्वतःच हात आखडता घेते, बहुधा कंडरा आणि हाड सांभाळण्यासाठी. नवख्या माणसात हा लगाम जास्त, सरावलेल्यात कमी. तालमीत जोर मारताना छाती सावकाश जमिनीकडे नेणारा पैलवान बहुधा त्याच लगामाला सैल करत असतो. वस्ताद खाली जाण्याच्या गतीवर भर देत असतील, तर त्याला शरीरशास्त्राचाही काही आधार आहे.

धरण्याची गोष्ट निराळी, आणि माझ्या मते तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. नववीच्या पुस्तकात कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन. वस्तू हललीच नाही तर कार्य शून्य. या हिशेबाने कोयत्यावर आवळलेल्या मुठीने दिवसभरात काहीच केलं नाही. स्नायूच्या आत मात्र टोकं पकडत-सुटत राहतात, इंधन जळत राहतं आणि उष्णता निघत राहते. जोर पूर्ण ताकदीच्या निम्म्याच्या आसपास गेला की फुगलेला स्नायू आपल्याच रक्तवाहिन्या दाबतो. रक्त पुरेसं येत नाही, ऑक्सिजन पोचत नाही. उचल-ठेव करताना मध्ये मध्ये रक्त वाहून जातं, धरून ठेवताना ती उसंत नाही. म्हणून धरण्याने माणूस लवकर टेकीला येतो. चकत्या लावल्या तर हे पडद्यावर दिसतं : वजन तेच असताना रेघ हळूहळू दाट होत जाते, कारण थकलेल्या युनिटांच्या मदतीला नवी युनिटं येत राहतात, आणि लाटा संथ होत जातात. मग हात थरथरू लागतो. मनगट मागे रोखणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे जोडलेले असतात, तिथे बसलेली दुखणी अनेकदा अशाच अखंड मुठीची असतात. शहरात त्याला ‘टेनिस एल्बो’ म्हणतात. पण रॅकेट कधी हातात न धरणाऱ्यालाही कोयत्याच्या किंवा हातोडीच्या मुठीने असं दुखणं धरू शकतं.

उतरवण्याला इंधन कमी लागतं, पण किंमत दुसऱ्या दिवशी मोजावी लागते. सवय नसलेल्या स्नायूवर लांबत जोर लावण्याचं काम पडलं की काही तंतूंची सूक्ष्म रचना विस्कटते, मग सूज येते. दुखणं लगेच येत नाही. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऐन भरात येतं आणि चार-सहा दिवसांत ओसरतं. थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच याची नोंद केली होती. जिममध्ये अजून ऐकू येतं की लॅक्टिक ॲसिड साचल्यामुळे अंग दुखतं. ते खरं नाही, लॅक्टेट तासाभरात निवळतं. आणि गंमत अशी की, याच कामाची एक हलकी खेप आधी होऊन गेली असेल, तर पुढचे काही आठवडे स्नायूला तेवढीच इजा होत नाही.

यावरून तोडणीच्या हंगामाच्या पहिल्या आठवड्याबद्दल काही अंदाज बांधता येतो. उन्हाळा-पावसाळ्यात कोयता बाजूला राहिलेला असतो, ती संरक्षणाची सवय मोडलेली असते. त्यात उचल फिटवायची म्हणून पहिल्याच दिवशी पूर्ण टनभार घ्यायचा. वाकताना पाठीचे आणि मांड्यांचे स्नायू लांबत भार पेलतात, घावाच्या शेवटी दंड लांबत भार पेलतो, आणि तिसऱ्या दिवशी उठणं मुश्कील होतं. पहिले दोन-तीन दिवस काम निम्म्यावर ठेवलं तर हे बरंचसं टळावं. मुकादमांनी आणि कारखान्यांनी ही सवलत द्यायला हवी, ती कृपा म्हणून नव्हे. दुखऱ्या हाताचा घाव चुकतो, आणि कोयता चुकला तर तो माणसाच्याच अंगावर येतो. दुखण्याबरोबर लघवीचा रंग काळ्या चहासारखा झाला, तर स्नायू फार मोठ्या प्रमाणात फुटून त्यातलं द्रव्य मूत्रपिंडात उतरतंय असं समजावं. तेव्हा शेकणं-चोळणं सोडून दवाखाना गाठावा.

दंडातल्या या बारीक विजेचा एक उपयोग मात्र या भागाशी फार जवळचा आहे. ज्या तालुक्यांत दुभती जनावरं आहेत तिथे कडबाकुट्टी यंत्रं आहेत, आणि चारा आत सारताना पंजा गमावलेली माणसंही आहेत. पंजा गेला तरी तो हलवणारे स्नायू कोपराखालच्या थोटक्या भागात शिल्लक असतात आणि मेंदूचे हुकूम तिथे येतच राहतात. हात मिटायचा विचार केला की आतल्या बाजूच्या स्नायूत वीज उठते, उघडायचा केला की मागच्या बाजूच्या. मायोइलेक्ट्रिक कृत्रिम हातात या दोन जागांवर इलेक्ट्रोड बसवलेले असतात. ते काही मायक्रोव्होल्टची ती कुजबुज हजारो पटींनी वाढवतात आणि मोटर पंजा मिटवते किंवा उघडते. पुण्यात वानवडीला लष्कराचं आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासून कृत्रिम अवयवांचं काम करत आलं आहे.

असा हात बसवण्यापूर्वी रुग्णाला पडद्यासमोर बसवून दोन स्नायू वेगवेगळे चेतवायला शिकवतात, कारण बहुतेकांचे सुरुवातीला दोन्ही एकदमच ताणले जातात आणि पंजा मिटत नाही की उघडत नाही. जे हलवायचं ते उरलेलंच नसल्यामुळे हा सगळा सराव जवळपास आयसोमेट्रिक, म्हणजे धरण्याचा असतो, आणि त्यात थकवाही तसाच लवकर येतो. म्हणून तो थोडा थोडा, दिवसातून अनेकदा करायचा. उन्हाळ्यात, थोटका भाग ज्यात बसतो त्या बाहीत घाम साचून इलेक्ट्रोड नीट टेकत नाहीत आणि हात ऐकेनासा होतो. अशा वेळी बाही काढून कातडी कोरडी करायची आणि हात पुन्हा चढवायचा.